‘हे चित्र कोणी काढले?’ : सुपरहिरो कॉमिक्सचे चाहते आणि अनामिक चित्रकारांचा शोध

गोषवारा

अमेरिकेतील सुपरहिरो कॉमिक्सच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत बहुसंख्य चित्रकारांची व लेखकांची नावे वाचकांपर्यंत पोहोचत नसत. ही नावे शोधून काढण्याचे काम आधी विद्यापीठांनी वा प्रकाशकांनी केले नाही. ते हौशी चाहत्यांनी केले. हा शोध कसा सुरू झाला, त्याची पद्धत कोणती होती आणि त्यातून कलावंतांच्या श्रेयाचा व हक्कांचा प्रश्न कसा पुढे आला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावना

पुस्तकावर लेखकाचे नाव असते, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, हे आपण गृहीत धरलेले असते. ग्रंथालयातील तालिका, वाङ्मयाचा इतिहास आणि आपले अध्यापन या तिन्ही गोष्टी या गृहीतावर उभ्या आहेत. परंतु विसाव्या शतकात लक्षावधी प्रतींनी खपलेला एक कलाप्रकार असाही होता, की ज्याच्या कर्त्यांची नावे वाचकाला सहसा ठाऊक नसत. सुपरमॅन, बॅटमॅन, फ्लॅश, कॅप्टन अमेरिका ही नावे मुलांच्या तोंडी होती. त्यांना आकार देणारे हात मात्र अंधारात होते.

चाहत्याच्या उत्साहाकडे आपण बहुधा कौतुकाने अथवा किंचित उपहासाने पाहतो. जुन्या अंकांचा संग्रह करणे, कोणत्या अंकात कोण प्रथम अवतरला याची तोंडपाठ यादी सांगणे, आवडत्या चित्रकाराच्या रेषेवर तासन्‌तास वाद घालणे, या गोष्टी प्रौढ माणसाला शोभत नाहीत असा समज आहे. या समजाला छेद देणारी वस्तुस्थिती पुढे मांडली आहे. चाहत्यांच्या याच वेडातून एका कलाप्रकाराचा पहिला विश्वसनीय इतिहास सिद्ध झाला आणि काही वृद्ध कलावंतांना उशिरा का होईना, न्याय मिळाला.

निर्मितीची व्यवस्था आणि अनामिकता

जून १९३८ ही तारीख छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. क्लीव्हलँड येथील जेरी सीगल हे त्याचे लेखक व जो शुस्टर हे चित्रकार. तेरा पृष्ठांच्या या पहिल्या कथेसाठी त्यांना १३० डॉलर मिळाले आणि त्याबरोबर व्यक्तिरेखेचे सर्व हक्क प्रकाशकाकडे गेले. पुढील वर्षी मे महिन्याच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅन आला.

मागणी झपाट्याने वाढली, तसे उत्पादनाचे स्वरूप कारखान्यासारखे झाले. एक जण कथा लिहीत असे, दुसरा पेन्सिलीने रेखाटन करीत असे, तिसरा त्यावर शाई फिरवीत असे, चौथा संवादांची अक्षरे काढीत असे आणि पाचवा रंगांची योजना करीत असे. मोबदला पानागणिक ठरे. काम पुरे झाले की चित्रकाराचा त्या पानाशी संबंध संपे. मूळ चित्रपृष्ठेही त्याला परत मिळत नसत. अनेक पृष्ठे नंतर नष्ट झाली, काही भेट म्हणून वाटली गेली.

काही ठिकाणी नाव असे, पण ते दिशाभूल करणारे. बॅटमॅनच्या कथांवर वर्षानुवर्षे केवळ बॉब केन यांची सही असे. प्रत्यक्षात जेरी रॉबिन्सन, डिक स्प्रँग, शेल्डन मोल्डॉफ आदींनी त्यांतील असंख्य पृष्ठे चितारली होती. मोल्डॉफ यांनी तर १९५३ ते १९६७ या काळात केन यांच्यासाठी पडद्याआड राहून काम केले. बिल फिंगर या लेखकाचा वाटा याहूनही मूलभूत होता. टोकदार कानांचा मुखवटा, अंगरख्याचे रूप, ब्रूस वेन हे नाव आणि गॉथम हे नगर यांमागे त्यांची कल्पकता होती. तरी पहिल्या कथेवर त्यांचे नाव नव्हते.

या अनामिकतेला सामाजिक अप्रतिष्ठेचीही जोड होती. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा आरोप करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि अनेक प्रकाशनसंस्था बंद पडल्या. अशा वातावरणात कॉमिक्स काढणारा कलावंत आपला व्यवसाय सांगण्यास कचरत असे. कर्त्यालाच जे काम सांगण्याजोगे वाटत नव्हते, त्याचा इतिहास कोण लिहिणार?

चाहत्यांचा संघटित उदय

१९५६ मध्ये ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात फ्लॅशचे नवे रूप आले. संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ व चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांच्या या प्रयोगापासून सुपरहिरोंचे पुनरागमन झाले. श्वार्ट्झ हे स्वतः तरुणपणी विज्ञानकथांचे चाहते होते व १९३२ मध्ये त्यांनी मित्रांसह विज्ञानकथेला वाहिलेले हौशी नियतकालिक काढले होते. चाहत्याचे मन त्यांना ठाऊक होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी वाचकांच्या पत्रांखाली पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापण्यास सुरुवात केली. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक, परंतु तिचे परिणाम दूरगामी ठरले. गावोगावी एकेकटे असलेले वाचक एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले.

या चळवळीचे अध्वर्यू जेरी बेल्स (१९३३–२००६) हे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे अध्यापक होते, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांना विशेष जवळची वाटावी. मिसुरी राज्यातील रॉय थॉमस या तरुणाच्या सहकार्याने त्यांनी मार्च १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ हे नियतकालिक काढले. साध्या प्रतिलिपी यंत्रावर मोजक्या प्रती काढून त्या टपालाने पाठविल्या जात. लुपॉफ दांपत्याचे ‘झीरो’ आणि डॉन व मॅगी थॉम्पसन यांचे ‘कॉमिक आर्ट’ ही नियतकालिकेही याच काळातील. १९६४ पासून न्यूयॉर्क येथे चाहत्यांची संमेलने भरू लागली; १९७० मध्ये सान डिएगो येथील संमेलनाला प्रारंभ झाला.

या सर्व खटाटोपात एक प्रश्न पुन्हापुन्हा येत असे : हे चित्र कोणी काढले? बालपणी वाचलेल्या कथेतील एखादी चौकट मनात घर करून राहिलेली असे आणि ती काढणाऱ्या माणसाला भेटावे, निदान त्याचे नाव कळावे, ही ओढ असे. संशोधनाची प्रेरणा ही अशी निखळ जिव्हाळ्याची होती.

रेषेवरून ओळख : शोधाची पद्धत

सही नसलेल्या चित्राचा कर्ता ओळखावयाचा कसा? या प्रश्नाला कलेतिहासात एक प्रसिद्ध उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीच्या जोव्हानी मोरेल्ली यांनी असे प्रतिपादन केले, की चित्राचा विषय वा चेहऱ्यावरचा भाव यांवरून कर्ता ओळखू नये, कारण त्यांचे अनुकरण सहज होते. कानाची पाळी, नखे, बोटांची ठेवण यांसारखे तपशील चित्रकाराच्या हातून सवयीने उतरतात. तेथेच तो ओळखू येतो. इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ मधील आपल्या निबंधात ही पद्धत शेरलॉक होम्सच्या व फ्रॉइडच्या विचारपद्धतीशी जोडून दाखविली आहे. कॉमिक्सच्या चाहत्यांनी अवलंबिलेला मार्ग नेमका हाच होता.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. जॅक कर्बी (१९१७–१९९४) यांच्या आकृतींची बोटे बोथट व चौकोनी असतात, मुठी वाचकाच्या दिशेने झेपावतात आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून वैश्विक ऊर्जा दाखविण्यासाठी ते काळ्या ठिपक्यांचे पुंजके योजतात. या ठिपक्यांना चाहत्यांनी कर्बींचेच नाव दिले. स्टीव्ह डिटको यांचे सारे लक्ष हातांवर. स्पायडरमॅनचा चेहरा पूर्ण झाकलेला; तेव्हा त्याची भीती, थकवा, निर्धार हे सगळे वाकलेल्या पाठीतून आणि ताणलेल्या बोटांतून व्यक्त करावे लागते. डिटको यांनी ते असे साधले, की मुखवटा ही अडचण न राहता सामर्थ्य बनले. इन्फँटिनो यांच्या चौकटी आडव्या पसरलेल्या असतात. दूर क्षितिजावर शहराची रेषा असते आणि धावणाऱ्या फ्लॅशची एकामागून एक प्रतिमा वेगाचा भास निर्माण करते. जो क्यूबर्ट यांचा कुंचला खरबरीत, तर कॅप्टन मार्व्हलचे चित्रकार सी. सी. बेक यांची रेषा स्वच्छ व अल्पाक्षरी.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. पेन्सिलीचे काम एकाचे आणि शाईचे दुसऱ्याचे असल्यामुळे छापील पानावर दोन हातांचे मिश्रण दिसते. कर्बींच्या रेखाटनावर जो सिनॉट यांनी शाई फिरविली की पान गुळगुळीत व धातूसारखे झळाळते. इतरांच्या हाती तेच रेखाटन वेगळे दिसते. तेव्हा आकृतीची ठेवण कोणाची आणि रेषेचा पोत कोणाचा, हे निराळे करून पाहावे लागते. शास्त्रीय गायनात बंदिश एकाची असते आणि गळा दुसऱ्याचा. जाणकार श्रोता दोन्ही ओळखतो. तशीच ही जाण आहे व ती केवळ दीर्घ सहवासाने येते.

अर्थात केवळ नजरेवर विसंबणे धोक्याचे. म्हणून बेल्स व त्यांचे सहकारी हेम्स वेअर यांनी शैलीच्या पुराव्याला पत्रव्यवहाराची जोड दिली. हयात असलेल्या चित्रकारांना, लेखकांना व संपादकांना पत्रे लिहून त्यांच्याकडून माहिती मिळविली, ती इतरांच्या माहितीशी ताडून पाहिली. या परिश्रमांतून १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकी कॉमिक्सच्या कर्त्यांचा चार खंडांचा परिचयकोश प्रसिद्ध झाला. बेल्स यांनी पुढे आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यात भर घातली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या आणि स्वयंसेवकांनी चालविलेल्या ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ या महासूचीने हीच परंपरा पुढे नेली.

श्रेयाकडून हक्कांकडे

नाव कळणे ही केवळ जिज्ञासापूर्ती नसते. नाव कळले की त्या नावाच्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न उभा राहतो. तीन प्रकरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिले बिल फिंगर यांचे. १९६५ च्या न्यूयॉर्क संमेलनात ते चाहत्यांपुढे आले. त्यानंतर बेल्स यांनी त्यांची हकिकत नोंदवून बॅटमॅनच्या जडणघडणीतील त्यांचा वाटा स्पष्ट करणारा लेख हौशी वर्तुळात प्रसृत केला. बॉब केन यांनी एका दीर्घ पत्राद्वारे त्याचा इन्कार केला. फिंगर १९७४ मध्ये निवर्तले. १९८९ मधील आत्मचरित्रात केन यांनी त्यांचे ऋण बऱ्याच अंशी मान्य केले. परंतु अधिकृत श्रेय मिळावयास २०१५ साल उजाडावे लागले. बालवाङ्मयकार मार्क टायलर नोबलमन यांनी अनेक वर्षे कागदपत्रे व नातेवाईक शोधून २०१२ मध्ये फिंगर यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्या शोधात फिंगर यांच्या नातीचा ठावठिकाणा लागला आणि तिच्या पाठपुराव्याने श्रेयाचा प्रश्न सुटला. १९६५ मधील तो हौशी लेख नसता, तर या शोधाला पहिला आधारच मिळाला नसता.

दुसरे प्रकरण सीगल व शुस्टर यांचे. हक्कांसाठी दावा केल्यानंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुपरमॅनच्या कथांवरील त्यांची नावे काढून टाकण्यात आली होती. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असल्याचे वृत्त आले, तेव्हा दोघेही हलाखीत होते आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगल यांनी वृत्तपत्रांना जाहीर निवेदन पाठविले. चित्रकार नील ॲडम्स व जेरी रॉबिन्सन यांनी लोकमत जागे केले. डिसेंबर १९७५ मध्ये प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि नावांची पुनःस्थापना यांवर तडजोड झाली. येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे : १९३८ मधील १३० डॉलरचा उल्लेख असलेला तो मूळ धनादेश २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरना विकला गेला.

तिसरे प्रकरण कर्बी यांचे. १९६१ पासून मार्व्हल या प्रकाशनसंस्थेसाठी स्टॅन ली यांच्यासमवेत त्यांनी ‘फँटास्टिक फोर’सह अनेक मालिका घडविल्या. तेथील पद्धतीत चित्रकार थोडक्या चर्चेवरून संपूर्ण कथा पानांवर मांडीत असे आणि संवाद नंतर लिहिले जात. त्यामुळे कथेचा कर्ता कोण, हा प्रश्न मुळातच वादग्रस्त राहिला. १९८० च्या दशकात प्रकाशकाने मूळ चित्रपृष्ठे चित्रकारांना परत देण्याचे ठरविले. तेव्हा इतरांना एक पानी करारपत्र देण्यात आले, कर्बींना मात्र जाचक अटींचे चार पानी. ‘द कॉमिक्स जर्नल’ या समीक्षा-नियतकालिकाने हा विषय लावून धरला आणि अनेक कलावंतांनी कर्बींच्या बाजूने निवेदनावर सह्या केल्या. १९८७ मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पृष्ठे परत मिळाली. त्यांनी काढलेल्या एकंदर पृष्ठांच्या मानाने हा छोटा अंश होता. त्यांच्या वारसांनी हक्कांसाठी लढविलेला दावा न्यायालयांत अयशस्वी झाला, तथापि सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितलेली असतानाच २०१४ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली.

या तिन्ही प्रकरणांत निर्णय कायद्याने, करारांनी आणि लोकमताच्या दडपणाने झाले, चाहत्यांच्या प्रेमाने नव्हे, हे खरे. परंतु लोकमत तयार होण्यासाठी आधी लोकांना कर्त्याचे नाव व काम माहीत असावे लागते. ते माहीत करून देण्याचे श्रेय चाहत्यांकडे जाते.

उत्साहाच्या मर्यादा

या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चाहता प्रेमाने पाहतो, आणि प्रेम निवड करते. पेन्सिलीने रेखाटन करणाऱ्यांचा गौरव झाला. अक्षरलेखक व रंगयोजक बराच काळ दुर्लक्षित राहिले. मेरी सेव्हरिन यांच्यासारख्या रंगयोजक व चित्रकार स्त्रीचे किंवा १९५० च्या दशकात ॲक्वामॅन चितारणाऱ्या रामोना फ्रेडन यांचे स्थान चाहत्यांच्या चर्चेत उशिरा आले. ली की कर्बी, केन की फिंगर अशा वादांत कधी कधी पुराव्याची जागा भक्तीने घेतली. संग्रहाच्या हौशीचे रूपांतर सट्ट्यातही झाले. जानेवारी २०२२ मध्ये माइक झेक यांनी १९८४ मधील मालिकेसाठी काढलेले एकच मूळ पृष्ठ ३३,६०,००० डॉलरना विकले गेले. याउलट उदाहरणही आहे : स्पायडरमॅनच्या पहिल्या कथेसह त्या अंकाची डिटको यांनी काढलेली २४ मूळ पृष्ठे २००८ मध्ये एका अज्ञात दात्याने अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला विनामूल्य दिली.

तज्ज्ञ नेहमीच अचूक आणि हौशी नेहमीच भाबडा, असेही नाही. वर्दम यांची मूळ कागदपत्रे तपासून कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले, की त्यांनी आपल्या ग्रंथातील पुरावे अनेक ठिकाणी बदलले वा रंगवून सांगितले होते. गंमत अशी, की याच वर्दम यांनी १९७० च्या दशकात चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांवर सहानुभूतीने एक पुस्तक लिहिले. ज्या वाचकांविषयी त्यांनी कधी चिंता व्यक्त केली होती, तेच स्वेच्छेने लिहिणारे, संपादन करणारे प्रौढ झाले होते.

मराठी वाचकाच्या संदर्भात

हा विषय आपल्यापासून सर्वस्वी दूर नाही. ली फॉक यांचा फँटम १९३६ मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्याही आधी अवतरला आणि मुखवटाधारी वीरांचा तो पूर्वसूरी मानला जातो. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून (१९६४–१९९०) तो मराठीत ‘वेताळ’ म्हणून आला. आज साठीच्या आसपास असलेल्या अनेक मराठी वाचकांनी तो सुट्ट्यांत, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून आणून वाचला आहे. पण आतली चित्रे विल्सन मॅकॉय यांची की त्यांच्यानंतरच्या साय बॅरी यांची, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? अनेक अंकांची मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगविली होती, हे कितींना ठाऊक आहे? मराठी संवाद कोणी लिहिले, अक्षरे कोणी काढली, कोणता अंक कोणत्या ग्रंथालयात उपलब्ध आहे, अशा नोंदी करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प ठरू शकेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. जुने अंक, नीटनेटकी सूची आणि हयात असलेल्या माणसांना वेळेवर लिहिलेली पत्रे, एवढ्या साहित्यावर बेल्स यांनी कोश उभा केला.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी दिसून येतात. एक, कर्तृत्वाची नोंद आपोआप होत नाही. उत्पादनाची व्यवस्था ती पुसून टाकू शकते. दोन, चाहत्याची बारीक नजर ही ज्ञानाची साधनसामग्री आहे. मात्र तिला पुराव्याची शिस्त लागते. तीन, या कामाला काळाची मर्यादा आहे. फिंगर यांना संमेलनात कोणी ऐकले नसते, तर त्यांच्या मृत्यूनंतर ती हकिकत सांगणारा कोणी उरला नसता.

डेट्रॉइटच्या एका अध्यापकाने वर्गाबाहेरच्या वेळेत, आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या गोष्टीवर एवढे श्रम घेतले, कारण लहानपणी ज्यांनी आनंद दिला त्यांची नावे ठाऊक नसावीत हे त्याला सहन होत नव्हते. संशोधनाला याहून प्रामाणिक प्रारंभबिंदू क्वचितच सापडेल. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी अशाच एखाद्या ‘वेडा’विषयी बोलू लागला, तर त्याला गप्प करण्याऐवजी ‘हे कोणी केले, आणि तुला ते कशावरून कळले?’ एवढे विचारावे.